बाटलीवर वाढलेली सहा

ओर्फिलियाच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या वर एक फळी होती आणि त्या फळीवर दारूच्या सात रिकाम्या बाटल्या उपड्या घातलेल्या असत. नवा माणूस घरात आला की त्याची नजर आधी फळीवर जाई, मग ओर्फिलियावर, आणि मग तो गुपचूप खुर्चीत बसे. तिला ते कळायचं, पण ती लगेच खुलासा करायची नाही. पाहुणा बरा वाटला तरच एक बाटली खाली काढायची, तिच्या तोंडाला बसवलेली रबरी बोंडी दाखवायची आणि म्हणायची, "पिणारी बाहेर आहेत. चार-चार पायांची."

ती या घरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा एलिसेओ डॉन आन्सेल्मोंच्या कुरणांवर गुराखी. मोंतेविदेओच्या उत्तरेला, ताकुआरेंबोच्या त्या टेकड्यांत मालकाच्या मोठ्या घरापासून दीड तास घोड्यावरून गेलं की कुंपणाच्या पार टोकाला हे दोन खोल्यांचं घर. गाई चारशेच्या वर, आणि माणसं ही दोन. वसंतात गाई विऊ लागल्या की दरवर्षी चार-दोन वासरं पोरकी व्हायची. एखादी गाय विताना मरे, एखादी पहिलटकरीण वासराला जवळच येऊ देत नसे. गुराखी ते ओलं वासरू खोगिरावर आडवं टाकून आणत आणि ओर्फिलियाच्या दाराशी ठेवून जात, जसं काही तिनंच मागवलं होतं. मग दिवसातून तीन वेळा कोमट दूध, रात्री चुलीपाशी पोतं, जुलाब लागले तर तांदळाची पेज. निम्मी दगावत. उरलेली तिच्या मागेमागे कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंत येत आणि चादरी चघळत.

पहिलं वासरू जगलं त्या वर्षी डॉन आन्सेल्मो स्वतः आले होते. दारात उभ्या उभ्या त्यांनी भोपळ्याच्या भांड्यातला कडू यर्बा, म्हणजे तिकडचा चहा, घेतला, वासराकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेलेल्या गाईचं वासरू परत मागायला मी काही येणार नाही, पोरी. वाचवलंस, तुझं झालं." त्या भागात बहुतेक मालकांची रीत तीच होती, पण त्यांनी ते तोंडानं सांगितलं, याचं एलिसेओला केवढं अप्रूप. मरेपर्यंत तो ते वाक्य लोकांना सांगत राहिला, मालकांच्या आवाजासकट.

त्या बाटलीवरच्या वासरांनी पुढं त्यांचा संसार ओढला. एकातून घरावर पत्रे आले, एकातून एलिसेओचे पुढचे दात. लेकीचं लग्न म्हणजे दोन बैल. या गोष्टीच्या वेळी सहा उरली होती. पाच गाई आणि एक तांबडी कालवड. त्यांत थोरली लुसेरा, काळीभोर, कपाळावर चांदणी. तिला ओर्फिलियानं गारपिटीच्या आठवड्यात वाढवलं होतं आणि तिच्यावर तिचा जरा जास्तच जीव होता. हे ती कबूल करायची नाही. बाकीच्या पाच जणींना वाईट वाटेल म्हणायची.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. तिकडे प्रत्येक जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला लागतो, आणि तो नंबर सरकारदरबारी मालकाच्या नावावर असतो. बिल्ले हवेत तर आपल्या नावाची नोंद हवी, जनावराच्या अंगावर उमटवायचा आपला डाग हवा. ओर्फिलियाकडे यातलं काहीच नव्हतं. बिल्ले मारायच्या दिवशी मुकादम अदाउतो डॉन आन्सेल्मोंच्या थैलीतले बिल्ले काढी आणि चिमट्यानं सगळ्यांच्याच कानात ठोकी, तिच्या वासरांच्याही. "काय फरक पडतो?" तो म्हणे. "गाईला वाचता थोडंच येतं."

लुसेराच्या कानाला बिल्ला लागला त्या दुपारी ओर्फिलियानं नवऱ्याकडे विषय काढला होता. मालकांकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात, आपल्या नावाची नोंद करावी. एलिसेओनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"या दारात उभं राहून शब्द दिलाय त्या माणसानं," तो म्हणाला. "आता त्याच्याकडे कागद मागू? म्हणजे तुम्ही खोटं बोलाल असं आम्हाला वाटतं, असंच तोंडावर सांगायचं की. त्यापेक्षा त्यांनी दिलेला यर्बा त्यांच्यासमोर थुंकून टाकतो."

विषय तिथंच मिटला. तिकडच्या जुन्या माणसांत हे असंच होतं. चांगल्या मालकाकडे कागद मागणं म्हणजे त्याला शिवी देणं, आणि वाईट मालकाकडे मागून उपयोग नाही. त्यामुळे कुणी मागतच नसे.

आधी एलिसेओ गेला, दोन वर्षांनी डॉन आन्सेल्मो. मालकांचे दोन्ही मुलगे राजधानीत, एक वकील आणि एक कसलीशी यंत्रं विकणारा. त्यांनी जमीन एका कंपनीला भाड्यानं दिली आणि कळपही तिलाच उक्ता विकून टाकला. कंपनीचं काम नवीनच तऱ्हेचं. शहरातल्या लोकांकडून पैसे घ्यायचे आणि त्या पैशाच्या त्यांना गाई द्यायच्या, कुणाला तीन, कुणाला दहा. गाई मात्र कंपनीच्या कुरणात. गाय विणार, वासरू विकलं जाणार, त्यातला वाटा शहरात बसलेल्या मालकाला पोचणार. मालकानं शेण पाहायचं नाही, पाऊस पाहायचा नाही. अदाउतोला हे समजावून सांगितलं तेव्हा तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे गाय त्यांची आणि गोचीड माझे."

कळप ताब्यात घ्यायला ब्रूनो नावाचा तरुण इंजिनियर आला. त्याच्याकडे काठीसारखं यंत्र होतं. कानाजवळ धरलं की बिल्ला वाचायचं आणि वाजायचं. दोन दिवस गुरं अरुंद वाटेतून एकामागून एक सोडली आणि यंत्र चारशे बारा वेळा वाजलं. अदाउतो शेजारीच उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओर्फिलियाकडे आला. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. यर्बाची तीन भांडी रिचवली तरी बोलेना.

"डोन्या ओर्फिलिया," शेवटी म्हणाला, "तुमची सहाही यंत्रात गेली."

"गेली म्हणजे?"

"यंत्र वाजलं. ते वाजलं की गेली कंपनीकडे."

"आणि तू?"

अदाउतोनं टोपीची कड चाचपली. "मी नाही वाजलो," तो म्हणाला.

तिनं त्याला दोष दिला नाही. त्याला तीन पोरं होती आणि नव्या लोकांकडची त्याची नोकरी चार दिवसांची. पण चौथं भांडं तिनं त्याला दिलं नाही. एवढ्यानं त्याला पुरेसं कळलं.

मग तिनं स्वच्छ धुतलेला झगा घातला आणि ब्रूनोला भेटायला मोठ्या घरी गेली. पोरगा वाईट नव्हता. आधी उभ्यानं ऐकत होता, मग तिला खुर्ची देऊन स्वतःही बसला. तुमचं म्हणणं मला पटतं, म्हणाला, पण नंबर सगळे डॉन आन्सेल्मोंच्या नावावर होते आणि त्यांच्या मुलांनी ते नंबर विकले. काही लिहिलेलं आहे का? नाही. कुणी साक्षीदार?

"दोन होते," ओर्फिलिया म्हणाली. "दोघंही आता गावाबाहेर शेजारी शेजारी पुरलेले आहेत."

ब्रूनोनं वरच्या हपिसात पत्र लिहिलं. उत्तर आलं ते दोन ओळींचं, नकाराचं. ते त्यानं तिला वाचून दाखवलं, आणि दाखवताना त्याचे कान लाल झाले. त्याशिवाय आणखी एक वाईट बातमी होती. गाभण गाई आणि कालवडी पंधरा दिवसांत दक्षिणेकडच्या कुरणात हलवायच्या होत्या. तिथलं गवत चांगलं, म्हणे. ट्रक ठरले होते. लुसेरा गाभण होती. बाकीच्या चार गाईही.

त्याआधीच्या रविवारी शहरातले गाईमालक आपली गुंतवणूक पाहायला येणार होते, एक अख्खी बस भरून. ब्रूनोनं चाचरत विचारलं, जेवणाचं तुम्ही बघाल का? ओर्फिलियानं हो म्हटलं. अदाउतोला ते सहन होईना. तुमची गुरं नेणाऱ्यांना तुम्हीच जेवू घालणार का, असं त्यानं कुंपणापलीकडून विचारलं. ती म्हणाली, "पाच तास बसमधून येताहेत ते. त्यांनी माझं काय नेलंय? त्यांना ठाऊक तरी आहे का?" आणि कणीक मळता मळता तिच्या डोक्यात काहीतरी शिजू लागलं.

बावीस माणसं आली. एकाच्या पायात पांढरेशुभ्र बूट होते, त्या बुटांची दुपारपर्यंत सगळ्यांना काळजी. ब्रूनोनं त्यांना नकाशे दाखवले, पावसाचे आकडे सांगितले. ओर्फिलियाच्या अंगणात अदाउतो मेंढ्याचं मांस निखाऱ्यावर भाजत होता. आत ओर्फिलिया पुऱ्या तळत होती, आपल्याकडच्या पुरीसारख्याच, फक्त मध्ये बोटानं भोक पाडलेल्या आणि चरबीत तळलेल्या.

बसमधली एक म्हातारी पाय दुखतात म्हणून स्वयंपाकघरात येऊन टेकली. हर्मिनिया तिचं नाव. नजर फळीवरच्या बाटल्यांवर गेली. समोरचे बटाटे ओढून घेतले आणि सोलायला लागली. चाळीस वर्षं तिनं राजधानीत, मोंतेविदेओत, शाळेच्या पोरांचे पांढरे झगे शिवले होते. डोळे अधू झाले तसं दुकान विकलं आणि आलेल्या पैशातून तीन गाई घेतल्या.

"माझा मुलगा म्हणतो, तुला फसवलं," ती बटाट्याकडे पाहत म्हणाली. "माझ्याकडे तीन नंबरांची चिठ्ठी आहे. त्या इंजिनियरला म्हटलं, माझ्या तिघी दाखव. तो म्हणतो, चारशेतून कशा शोधू? आहेत ना हो पण?"

"गाई आहेत," ओर्फिलियानं सांगितलं. "त्याबद्दल शंका नको."

हर्मिनियानं चिठ्ठी पुढं केली. ओर्फिलियाला अक्षरं लावायला वेळ लागायचा, आकडे मात्र चटकन कळत. दोन नंबर अनोळखी होते, पण पहिल्याचे शेवटचे चार आकडे चव्वेचाळीस एकाहत्तर होते. गेल्या उन्हाळ्यात तो कान किड्यांनी सडला होता आणि तीन आठवडे रोज तिनं तो धुतला होता. तो बिल्ला तिला झोपेतही वाचता आला असता.

तिनं चिठ्ठी परत दिली, कढईतली पुरी काढली आणि कढई चुलीवरून उतरवली. मग फळीवरची एक बाटली घेतली, कोपऱ्यातली पत्र्याची बादली घेतली आणि बाहेर पडली. अदाउतोनं तिला पाहिलं आणि त्याच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

ओर्फिलिया कुंपणाच्या तारेपाशी जाऊन उभी राहिली आणि बाटलीच्या बुडानं बादली वाजवायला लागली. टण, टण, टण. पलीकडच्या उतारावर चारशे गाई चरत होत्या. पहिल्यांदा कुणीच मान वर केली नाही. मग एक काळी गाय वळली. मग खालच्या ओढ्यातून एक तांबडी कालवड उड्या मारत निघाली. इकडून एक, तिकडून एक. कळपातून वाट काढत, बाकीच्यांना ढुशा देत सहा जनावरं टेकडी उतरून आली आणि तारेला छाती लावून उभी राहिली. लुसेरानं मान पलीकडून लांबवली आणि ओर्फिलियाच्या झग्याचा खिसा हुंगला, कारण त्या खिशात नेहमी वाळका पाव असायचा. त्या दिवशीही होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोबाईल निघाले. पांढऱ्या बुटांच्या गृहस्थानं ब्रूनोला विचारलं की कंपनी हा कार्यक्रम सगळ्या कुरणांवर ठेवते का. ब्रूनो हातातला नकाशा गुंडाळू लागला.

हर्मिनियानं टाळी वाजवली नाही. ती लंगडत तारेपर्यंत आली, चष्मा वर केला, लुसेराचा कान पाहिला, चिठ्ठी पाहिली, परत कान पाहिला.

"ही माझी," ती म्हणाली.

"हो."

"मग ही तुमच्याकडे कशी आली?"

ओर्फिलियानं सांगितलं. फार लांबण लावली नाही. गारपीट, बाटली, मालकांचा शब्द, अदाउतोची थैली. आणि ट्रक. हर्मिनिया ऐकत होती आणि चिठ्ठीची घडी करत होती, मोडत होती, पुन्हा करत होती.

"मला ही अशीच देता येणार नाही, बाई," ती शेवटी म्हणाली. आवाज जरा चिडकाच होता. "माझं सगळं दुकान या तिघींत आहे."

"मी मागितली का?"

"मग बादली कशाला वाजवलीत?"

ओर्फिलियानं खिशातला उरलेला पाव कालवडीला दिला. "जायच्या आधी सगळ्यांनी बघावं म्हणून," ती म्हणाली. "यंत्र वाजलं तेव्हा बघायला कुणी नव्हतं."

दोघी एकमेकींवर रागावल्यासारख्या आत आल्या. जेवणं झाली. सगळ्यांनी पुऱ्यांची तारीफ केली. जेवणानंतर लोक बाहेर सावलीत आडवे झाले, तशी हर्मिनिया पिशवीतून चार पानांचा करार काढून टेबलाशी बसली. बारीक अक्षरं होती. शिवणाची टीप तपासावी तसं बोट ठेवत ठेवत ती एकेक ओळ पुढं सरकत होती. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. तिनं ब्रूनोला बोलावून घेतलं. मालकाला आपलं जनावर दहा दिवसांची सूचना देऊन काढून घेता येतं, असं इथं लिहिलंय ते खरं का?

ब्रूनोनं वाचलं. खरं होतं. त्याचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी वेगळ्या कारणानं. "आजच सूचना दिलीत तर ट्रकच्या आधी होईल, सेन्योरा," तो म्हणाला, आणि न विचारता खिशातलं पेन पुढं केलं.

"पण काढून ठेवू कुठं?" हर्मिनिया म्हणाली. "मी तिसऱ्या मजल्यावर राहते."

आता बोलायची पाळी ओर्फिलियाची होती. तिनं हात पुसले. अर्धलीनं द्या, म्हणाली. गाय तुमची, चारा-पाणी माझं. एका वर्षीचं वासरू तुमचं, पुढच्या वर्षीचं माझं. पहिलं तुमचं. कंपनीच्या वाट्यापेक्षा ते कमी पडत असेल तर आत्ताच सांगा.

हर्मिनियानं तोंडातल्या तोंडात हिशेब केला. कमी पडत नव्हतं. उलट थोडं जास्तच. तिनं हात पुढं केला. ओर्फिलियानं मात्र हात हातात घेतला नाही.

"आधी कागद करू," ती म्हणाली. आणि नकळत एकदा छताकडे पाहिलं, एलिसेओनं ऐकलं असेल तर असू दे म्हणून.

"ते काय सांगायला हवं?" हर्मिनिया म्हणाली. "कागदाशिवाय मी बटणसुद्धा लावलं नाही कधी."

एक अडचण राहिली होती. लुसेराला चारायला जागा. घरामागचं लहान कुरण ओर्फिलिया वापरत होती, पण तेही शब्दावरच. दुसऱ्या दिवशी तिनं मालकांच्या थोरल्या मुलाला फोन लावला. बोलायची तयारी तिनं सकाळपासून केली होती. तो चिडला तर काय म्हणायचं, अपमान झाला म्हणाला तर काय. एका दमात तिनं सांगून टाकलं की घर आणि मागचं कुरण मी जिवंत आहे तोवर माझ्याकडे राहील, असं मला लिहून हवंय.

"हो, पाठवतो ना," तो म्हणाला. "कंपनीच्या भाड्यात ते धरलेलंच नाही. शुक्रवारी चालेल?"

चालेल, ती म्हणाली.

"बाबांनी इतकी वर्षं का नाही करून दिलं?" त्यानं विचारलं.

"आम्ही मागितलंच नाही," ओर्फिलिया म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती स्टुलावर बसली. चूल विझली तरी उठली नाही. सहा बिल्ल्यांना सहा सह्या लागल्या असत्या. तेवढा वेळ तर डॉन आन्सेल्मो नुसते जोडे पुसायला दारात थांबत.

शुक्रवारी कागद आला आणि शनिवारी अदाउतोनं तिला आपल्या जुन्या गाडीतून गावात नेलं. नोंदणीच्या खिडकीत कारकुनानं विचारलं, डाग कसला हवा? तिनं पेन घट्ट धरलं आणि रकान्यात एक उपडी बाटली काढली. कारकून म्हणाला, "दारूचं दुकान आहे का, डोन्या?" त्यालाही तिनं खुलासा केला नाही. साक्षीदाराच्या जागी अदाउतोनं सही केली. इतकी मोठी आणि ठसठशीत की खालची ओळ झाकली गेली. बाहेर येताना ओर्फिलिया म्हणाली, "वाजलास एकदाचा." परत आल्यावर तिनं त्याला यर्बा दिला, आणि चौथं भांडंसुद्धा.

गुरुवारी ट्रक आले. बाकीच्या पाच जणी गेल्या. त्यांचे मालक कोण होते, त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत ते होते की नव्हते, हे तिनं ब्रूनोला विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. त्या सकाळी तिनं रेडिओ मोठ्यानं लावून ठेवला आणि घरातली सगळी भांडी काढून घासली, स्वच्छ होती ती सुद्धा. बादली मात्र तिनं त्या दिवशी हातात घेतली नाही. तांबडी कालवड आवाज ऐकून ट्रकमधून उडी मारायला बघेल आणि पाय मोडून घेईल, ही भीती तिला होती. लुसेरा दुपारभर मागच्या कुरणाच्या तारेपाशी हंबरत होती.

ऑक्टोबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, लुसेरा व्याली. कालवड, आईसारखीच काळी, फक्त चांदणी नाकापर्यंत ओघळलेली. ठरल्याप्रमाणे ही हर्मिनियाची. दोन आठवड्यांनी ओर्फिलियानं बिल्ल्यांची नवी थैली फोडून स्वतःच्या हातानं पहिला बिल्ला लावला, नंबर करारात हर्मिनियाच्या नावापुढं लिहिला आणि करारात लिहिल्याप्रमाणे कळवायला फोन केला. हर्मिनियानं वजन विचारलं, रंग विचारला, दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. मुलाला दाखवायला फोटो पाठवा म्हणाली. मग विचारलं, नाव काय ठेवलं?

ओर्फिलिया म्हणाली की अजून ठेवलं नाही, मालकीण तुम्ही, तुम्हीच ठेवा. एवढ्यात तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. कालवड तारेखालून घुसून भोपळ्याच्या वेलात शिरली होती आणि एक कोवळा भोपळा पायाखाली जाणारच होता.

"हर्मिनिया!" ओर्फिलिया फोन कानाला लावूनच ओरडली. "चल, नीघ तिथून, आगाऊ कुठली! शेपूट उपटीन!"

ओर्फिलियानं जीभ चावली. दोन आठवडे ती त्या वासराला याच नावानं हाका मारत होती, आणि अदाउतो रोज हसत होता.

"अहो," हर्मिनिया पलीकडून सावकाश म्हणाली, "तिनं भोपळा खाल्ला की नुसता तुडवला?"

"तुडवला."

"मग तो माझ्या हिश्शातून कापा," हर्मिनिया म्हणाली, आणि कालवडीचं नाव करारात कसं लिहायचं ते विचारू लागली.